रोडग्याले संदर्भ हाय का?

राजेहो, विकिपीडियावर नवीनच आले असाल, लॉगिन जमलं असेल, धूळपाटीवर, म्हणजे तिथल्या सरावाच्या पानावर, दोनचार ओळी खरडून झाल्या असतील, तर आता लिहायच्या भानगडीत पडू नका, लिहिणारे लय आहेत. तुम्ही पानं काढून टाकणारे व्हा. आणि सुरुवात खाण्यापासून करा, पदार्थाच्या बाजूनं भांडायला सहसा कोणी येत नाही.

समजा वर्ध्याकडच्या एखाद्या पोरानं 'रोडगा' म्हणून पान बनवलं. जाडसर कणीक, आत तेल लावलेल्या पुऱ्या एकावर एक, वरून बंद केलेला गोळा, तो गोवऱ्यांच्या फुफाट्यात भाजायचा, राख फडक्यानं झटकायची, फोडून वर तूप, बाजूला वांग्याची भाजी नि वरण. वाचताना तोंडाला पाणी सुटलं तर गिळा आणि पहिला प्रश्न टाका, उल्लेखनीयता काय? हा शब्द पाठच करून ठेवा. नियम असा की विषयाशी काही घेणंदेणं नसलेल्या माणसानं भरवशाच्या ठिकाणी त्यावर सविस्तर लिहिलेलं पाहिजे. नियम वाईट नाही बरं, नाहीतर प्रत्येक टपरीवाला आपल्या भज्यांचं पान बनवून मोकळा होईल. पण तुम्हाला त्याचं कारण कशाला पाहिजे, दांडकं हातात आलं की झालं. अख्खं गाव शेतात रोडग्याच्या पंगतीला बसते असं पोरगं म्हणालं तर त्याला सांगा, हे मूळ संशोधन आहे, म्हणजे कुठं छापून न आलेली स्वतःच्या पदरची माहिती, चालत नाही.

इंग्रजीवाल्यांकडून शिका. त्यांच्याकडं टोस्ट सँडविचचं पान आहे. म्हणजे ब्रेडच्या दोन स्लाइसच्या मधात भाजलेली तिसरी स्लाइस, मीठ-मिरी टाकून, बस. आमच्या गावात पाहुण्याला असं वाढलं तर ठरलेली सोयरीक मोडेल. पण ते १८६१ च्या पाकपुस्तकात आजारी माणसासाठी म्हणून छापलेलं आहे, त्यामुळं त्याचं ज्ञान झालं, आणि आमच्या बुढीनं जन्मभर केला तो नुसता सैपाक.

मी स्वतः संदर्भ शोधायला गेलतो. मारोतीच्या पारामागं रोडगे भाजणारे एक काका आहेत, त्यांना म्हटलं, "काका, याले संदर्भ काय?"

काकांनी काडीनं गोवरी सरकवली. "इस्तो हाय ना."

"तसं नाही, पुस्तकात लिवलं हाय का कुठं?"

"पुस्तक पाहत बसलो तं जयतीन ना बाप्पा."

हे उत्तर बिनधास्त फेटाळा, त्याला पान क्रमांक नाही.

तरी कोणी अडून बसलंच तर विलीनीकरण सुचवा. रोडगा म्हणजे बाटीचाच प्रकार, बाटीच्या पानात एक ओळ टाकून द्या. विदर्भवाले बोंबलतील म्हणून घाबरू नका, विदर्भाला महाराष्ट्रात आणायच्या १९५३ च्या नागपूर करारापासून आम्हाला विलीन व्हायची सवय आहे, १ मे १९६० ला तर गुलाल उधळून झालो. (मराठी विकिपीडिया सुरू झाला तोही १ मेलाच, २००३ साली. योगायोगच म्हणा.)

वायगावची हळद नि भिवापूरची मिरची मात्र राहू द्या, त्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, सरकारी शिक्का आहे, तिथं उगाच हात पोळतील. सरगुंडे या आमच्याकडच्या कणकेच्या पदार्थाला कोणी वाली नाही, ते आधी काढा.

बाकी वाद चावडीवर न्या. मराठी विकिपीडियावर चर्चेच्या जागेला खरंच चावडी म्हणतात, आणि गावच्या चावडीसारखं तिथंही ज्याला घरी काम नाही त्याचंच खरं ठरते, तेव्हा वेळ काढून बसा.

मी म्हटलं होतं, बाकी काही नाही तर निदान स्वतः काढलेला एक फोटो तरी चढवू. पण मोबाइल खिशात नि दोन्ही हात तुपात, आणि काका म्हणे, "गरम हाय तोवर खा, फोटू थंड्याचा काढजो." थंडा उरलाच नाही. राखेचा एक फोटो आहे माझ्याकडं, चालते का?