इसापकथेच्या टाइलबाबत खुलासा

कोल्हा आणि द्राक्षे यांचे चित्र असलेल्या एका चौकोनी टाइलचे छायाचित्र ‘इसापच्या काळातील, अडीच हजार वर्षांपूर्वीची ग्रीक टाइल’ अशा मजकुरासह सध्या फिरत आहे. हा मजकूर चुकीचा आहे. ही टाइल इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथे मिंटन कारखान्यात तयार झाली असून चित्रकार जॉन मॉयर स्मिथ यांनी इसापकथांवर आखलेल्या मालिकेतील आहे. ही मालिका 1870 च्या दशकाच्या सुमारास बाजारात आली.

टाइल उलटी करून पाहिली, की शंका उरत नाही. मागच्या बाजूला ‘मिंटन्स चायना वर्क्स’ ही अक्षरे मातीतच उमटलेली असतात. कोरड्या मातीची भुकटी यंत्राच्या दाबाखाली घट्ट बसवून टाइल घडवण्याच्या पद्धतीचे पेटंट रिचर्ड प्रॉसर यांनी 1840 मध्ये घेतले, आणि या टाइलचा सपाट पृष्ठभाग व नेमक्या कडा त्याच पद्धतीची साक्ष देतात. चित्रही हाताने रंगवलेले नसून छाप्याने उतरवलेले आहे.

इसाप इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात होऊन गेला, असे मानतात. त्याने स्वतः लिहिलेले वा काढलेले काहीही उपलब्ध नाही. खरोखर प्राचीन वस्तू पाहायची असेल, तर व्हॅटिकनच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील एक मद्यपात्र आहे, ज्यावर मोठ्या डोक्याचा एक माणूस कोल्ह्याचे बोलणे ऐकत बसला आहे. तो इसाप असावा, हा अभ्यासकांचा तर्क आहे.

मॉयर स्मिथ यांची टाइल घरातल्या शेकोटीभोवती बसवण्यासाठी घडवलेली, रोजच्या वापरातली सुंदर वस्तू आहे. संग्राहकांनी तिची किंमत त्याच नात्याने करावी.