मोकाट कुत्री घाण करतात, मग आमच्याच कुत्र्यावर डोळा का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, त्यामुळे उत्तरही लांबणार. कुत्रा फिरवायला नेला की शी उचलावी, पट्टा सोडू नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: ही पुण्या-मुंबईची थेरं सोलापुरात कशाला? जुळे सोलापूरच्या रस्त्यांवर मोकाट कुत्री, डुकरं, गाई सगळेच घाण करतात, त्यात आमच्या ब्रुनोचं काय एवढं? शिवाय ते खतच. आणि शेजारच्या काकू रोज भांडतात, कारण त्यांना कुत्रीच आवडत नाहीत.

काकूंपासूनच सुरुवात करू. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. उजनी धरण भरलेलं असलं तरी टाकीतलं पाणी पुरवून पुरवूनच वापरायचं. ब्रुनोने त्यांच्या गेटच्या खांबावर तंगडी वर केली की काकू त्यातलंच बादलीभर पाणी ओतून खांब धुणार, मग सडा, मग रांगोळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुत्रा तुमचा आणि पाणी त्यांचं! त्यांना कुत्री आवडत असती तरी त्या भांडल्याच असत्या. त्यामुळे पुण्या-मुंबईपेक्षा इथे हे जास्तच पाळायला हवं.

मोकाट कुत्र्याबद्दल कुणाला जाब विचारणार? फार तर महापालिकेकडे तक्रार होते. ब्रुनोचा पट्टा मात्र तुमच्या हातात असतो. फरक एवढाच आहे, पण तो पुरेसा आहे.

खताचं म्हणाल तर गाईचं शेण आणि कुत्र्याची शी एका मापात मोजू नका. कुत्र्याच्या शीत टॉक्सोकारा नावाच्या गोल जंताची अंडी असू शकतात. ताजी असताना ती बाधत नाहीत. मातीत दोन-चार आठवडे राहिली की बाधणारी होतात आणि मग महिनोन्महिने टिकतात. त्याच मातीत गल्लीतली पोरं गोट्या खेळतात. म्हणून तिथल्या तिथे उचलायची. महागड्या पिशव्या लागत नाहीत, जुना पेपर पुरतो. घरी आल्यावर शी संडासात, पेपर कचऱ्यात. ब्रुनोला जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं.

"आमचा काही करत नाही हो" हे वाक्य तुम्हीही लिहिलंय. तो करत नसेलही. पण समोरून दुधाची पिशवी घेऊन येणाऱ्या आजोबांना ते कसं कळावं? लॅब्रॅडॉर लाडाने अंगावर उडाला तरी म्हातारं माणूस पडतं, आणि त्या वयात मोडलेलं हाड चावण्यापेक्षा महागात पडतं. निष्काळजीपणाने सोडलेल्या जनावरापासून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होण्याचा संभव असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि दात किंवा नख लागलंच, तर "घरचाच आहे, हळद लावा" म्हणू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि स्वतः त्यांना दवाखान्यात घेऊन जा. ब्रुनोची रेबीजची लस वेळेवर झालेली असली तरीही.

भावाच्या अपार्टमेंटमधल्या कुत्राबंदीबद्दल तुम्ही लिहिलंय, त्या एका बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर. कुत्रा पाळायलाच बंदी घालणं किंवा लिफ्टमध्ये येऊ न देणं, हे सोसायटीला करता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट सांगितलंय. तुमच्या भावाच्या अपार्टमेंटच्या चेअरमनना त्या सूचना जरूर दाखवा.

पण ब्रुनो दिवसभर गच्चीवर बांधलेला असतो, हे तुम्हीच लिहिलंय, आणि तो भुंकतो म्हणून लोकांना दोष देताय. एकटा, बांधलेला, कंटाळलेला कुत्रा भुंकणारच. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ती क्रूरताच धरली आहे. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात निम्मी गल्ली गच्चीवर झोपते, आणि तिथलं भुंकणं चार घरं ओलांडून जातं. रात्री त्याला घरात घ्या. संध्याकाळी डांबर निवल्यावर नीट दमेपर्यंत फिरवा. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघा, चटका बसला तर त्याचे पंजेही भाजतील.

आणि काकूंचं गेट? ब्रुनोला घेऊन बाहेर पडलात की आधी समोरच्या बाजूने चला. वाटेतला रिकामा प्लॉट येईपर्यंत पट्टा आखूड धरा. आरओचं वाया जाणारं पाणी बाटलीत भरून सोबत ठेवा, चुकून कुठे झालंच तर तिथे ओता. महिनाभर एवढं करूनही काकू भांडल्या, तर इथे येऊन मला हवं ते सुनवा. प्रतिक्रिया उडवणार नाही.