डोंगर बघायचा असतो, चढायचा नसतो

ठाण्यात घोडबंदर रोडला घर घेताना येऊरचा डोंगर दिसावा म्हणून तुम्ही चौरस फुटामागे जादा पैसे मोजले असतील. डोंगर ही खिडकीतून बघायची आणि पाहुण्यांना दाखवायची वस्तू आहे, हे बिल्डरला कळतं, एजंटला कळतं, तुम्हाला तर दर महिन्याच्या हप्त्याला कळतं. कळत नाही ते घरातल्या चार वर्षांच्या कार्ट्याला. डोंगर समोर आहे म्हणजे तो चढायला आहे, असा त्याचा प्रामाणिक गैरसमज झालेला असतो. तो वेळीच दूर करा.

आधी आकडेवारीचा बंदोबस्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं तरी चांगली दमवणारी असावीत, आणि पडद्यासमोर तासाभराहून जास्त बसू नये. जिनिव्हात बसून बोलायला काय जातंय! तुम्ही आकड्यांची अदलाबदल करा. १८० मिनिटं टॅब, तासभर हालचाल. बेरीज तीच येते.

हा तासही सोसायटीतच घालवावा. बागेत घसरगुंडी आहे, तिच्याखाली रबरी फरशी आहे, म्हणजे पडण्याचीही सोय केलेली आहे. पण कार्ट्याला घसरगुंडी उलट्या बाजूने चढायची असते. हिरवळीवर चालायला मनाई, पोडियमवर चेंडूला मनाई, पार्किंगमध्ये सायकलला मनाई. आंब्यावर चढायला मनाईची पाटी नव्हती, कारण असं कुणाला सुचेल हेच कमिटीला सुचलं नव्हतं. आता ती लागेल. ग्रुपवर ‘कृपया आपापल्या पाल्यास आवर घालावा’ असा निरोप येईल. त्यात नाव नसतं, फ्लॅट नंबरही नसतो, तरी तो तुमच्यासाठीच आहे हे तिन्ही विंगना माहीत असतं. ताबडतोब हात जोडल्याची खूण पाठवा. याच ग्रुपवर गणपतीत ‘बालगोपाळांसाठी धावण्याची स्पर्धा’ जाहीर होते, तिला मात्र पोराला जरूर उतरवा. धावायला हरकत नसते, फक्त ते वेळापत्रकात हवं.

आजी-आजोबांवर विशेष लक्ष ठेवा. आजोबा विहिरीत मुटके मारल्याच्या गोष्टी सांगतात आणि पोर त्याच संध्याकाळी कपाटावरून गादीवर मुटका मारतं. आजी ‘मातीत लोळल्याशिवाय का पोर मोठं होतं?’ असं भलतंसलतं बोलतात. पोर मुलगी असेल तर मात्र हीच आजी अचानक शिस्तीची होते, तेव्हा तेवढ्यापुरतं तिचं ऐकावं.

तरीही हट्ट सुटला नाही तर बिबट्या काढा. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात बिबटे खरोखर आहेत, त्यामुळे धाक खोटा पडत नाही. फक्त बिबट्या मुख्यतः रात्री फिरतो, हे चुकूनही सांगू नका. ‘मग सकाळी जाऊया’ असं उत्तर येतं आणि त्यावर अजून उपाय सापडलेला नाही. शनिवारी रात्री स्पीकर लावून गाड्यांची रांग येऊर चढते, त्या मोठ्या माणसांना बिबट्याचा काही त्रास होत नाही, हेही त्याच्या लक्षात येऊ देऊ नका.

निसर्गाची आवड अगदीच जपायची असेल तर ऐरोलीला फ्लेमिंगो दाखवा. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय मान) मिळालाय, तेव्हा फोटोला वजन येतं. पण आधीच सांगून ठेवतो, कार्टं फ्लेमिंगोंकडे ढुंकूनही बघणार नाही. ओहोटीच्या चिखलात निवट्या मासोळ्या कशा टुणटुण उड्या मारतात आणि खेकडा कुठल्या बिळात शिरला, यातच ते अडकेल. मान धरून गुलाबी दिशेला वळवा, फोटो काढा, निघा.

एवढं नेटाने केलंत तर दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत पोर सोफ्यावर स्थिरावतं. मग मे महिन्यात त्याला भरपूर फी भरून साहसी शिबिराला पाठवा, आजकाल सगळेच पाठवतात. तिथे झाडावर चढवतात, चिखलात लोळवतात, डोंगर चढवतात आणि शेवटी प्रमाणपत्र देतात. दुसऱ्या दिवशी शिबिरातल्या ताईंचा फोन येईल, ‘तुमचा मुलगा दोराला हातच लावत नाहीये. पायथ्याशी बसून चार्जर मागतोय.’

शांतपणे सांगा, ‘अहो, तो लहानपणापासून असाच आहे.’