वेतन हा या उपक्रमाचा गाभा आहे

अमेरिकेतील बॉस्टनच्या ‘द फूड प्रोजेक्ट’ या मुलांना पगारी शेतीकाम देणाऱ्या संस्थेवरील लेखात, शेती शिकवायचीच असेल तर किशोरवयीन मुलांना उन्हाळ्यात वेतन कशासाठी, असा प्रश्न आला आहे; तो मला मान्य नाही. 1991 मध्ये लिंकन या उपनगरात सुरू झालेल्या या संस्थेने शहरातील आणि सुखवस्तू उपनगरांतील मुलांना एकाच शेतात कामाला लावले, आणि हे शक्य झाले ते वेतनामुळेच. काम बिनपगारी असते, तर सुट्टीतील कमाईची घरी गरज असलेली मुले दुकानांत किंवा उपाहारगृहांत गेली असती आणि खुरपणी केवळ सधन घरांतील मुलांचा छंद ठरली असती.

बॉस्टन शहरातील डडली परिसरात संस्था ज्या ओसाड भूखंडांवर शेती करते त्यांचा विचार केला तर हे आणखी स्पष्ट होते. घरांच्या जुन्या रंगांतील विषारी शिसे तेथील मातीत उतरलेले असल्यामुळे कंपोस्ट घालून, उंच वाफे बांधून ती लागवडीयोग्य करावी लागते, आणि हे कष्टाचे, जबाबदारीचे काम आहे. पिकलेली भाजी बाजारात आणि गरजूंच्या अन्नछत्रांत जाते. वेतनाचा आणि या कामाचा एवढा खर्च भाजीविक्रीतून भागत नाही, देणग्या लागतात. लेखकाने त्याबद्दल अधिक लिहायला हवे होते.