आजोबांची हरलेली सभा

आज गावी ग्रामसभेला गेलो होतो. घरी येऊन चार तास झाले तरी डोकं शांत होत नाही, म्हणून लिहायला बसलोय. लांबेल. ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

सभा ११ ची होती. पावणेबाराला ग्रामसेवक भाऊसाहेब आले. माणसं मोजली, २३. गणपूर्तीला, म्हणजे सभा ग्राह्य धरायला, गावातले १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे लागतात. शिपायाने रजिस्टर काखेत मारलं आणि गावातून चक्कर मारून आला. दुकानात, पारावर, कुणाच्या गोठ्यात, जिथे माणूस सापडला तिथे सही. पाऊण तासात रजिस्टरवर शंभराच्या वर माणसं हजर झाली आणि आम्ही होतो तेवढेच, २३. मग विषय वाचून दाखवले. चौथा विषय, मंदिरासमोर पेव्हर ब्लॉक बसवणे. सर्वानुमते मंजूर. तिथे तीन वर्षांपूर्वी बसवलेले ब्लॉक अजून धड आहेत हो!

माझ्या शेजारी बसलेल्या एक आजी उठल्या. "भाऊसाहेब, आमच्या वस्तीवर बारा दिस झालं नळाला पाणी न्हाई. त्याचं काय करतायसा?" उत्तर आलं, "आजी, तो विषय आज अजेंड्यावर नाही." आजींनी पदर सावरला आणि खाली बसल्या. कुणी काही बोललं नाही. मीही नाही, आणि त्याचंच जास्त लागलंय.

गावाचं नाव लिहीत नाही. एवढंच सांगतो की हे गाव आटपाडी भागातलं, १९४८ पर्यंत औंध संस्थानात होतं. याच गावात माझे आजोबा पंच होते. संस्थानाच्या स्वराज्य घटनेखाली निवडून आलेले पंच.

औंध म्हटलं की आपल्याला यमाईचा डोंगर, ते चित्रसंग्रहालय आणि पंतप्रतिनिधींचे सूर्यनमस्कार आठवतात. त्या राजाने सूर्यनमस्काराहून कितीतरी मोठं काम केलं, ते शाळेत मला कुणी शिकवलं नाही. ७२ गावांचं संस्थान, तेही सलग नाही. औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडल तिसरीकडे, गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला. १९३८ च्या अखेरीस भवानराव पंतप्रतिनिधींनी जाहीर केलं की राज्य प्रजेच्या हाती देतो. त्यांचा मुलगा अप्पासाहेब नुकताच विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला होता. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनियर या कामात गुंतला होता. गांधीजींपुढे मसुदा ठेवला, त्यांच्याशी चर्चा झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये संस्थानाला घटना मिळाली.

त्याआधीही औंधात प्रजेच्या प्रतिनिधींची सभा होती. पण ती फक्त बोलायची, शेवटचा शब्द राजाचा. १९३९ ला हे उलटं झालं. खाली गाव, गावातल्या प्रौढांनी निवडलेले पाच पंच. गावोगावच्या पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुक्याची सभा. तालुक्यांनी पाठवलेल्या माणसांची वरची सभा, आणि कायदे करायचा अधिकार तिच्याकडे. इमारत पायापासून वर बांधली होती. त्याच काळात शेजारच्या ब्रिटिश मुलखात, मुंबई इलाख्यात, १९३७ च्या निवडणुकीत मत कुणाला होतं? ज्याच्याकडे मालमत्ता किंवा शिक्षण त्याला. आणि आमच्या दुष्काळी माणदेशात औताला धरलेला गडीसुद्धा आपला पंच निवडत होता.

आता आजोबांची गोष्ट. ती मी लहानपणी इतक्यांदा ऐकली आहे की मीच तिथे बसलो होतो असं वाटतं.

पंचायतीकडे थोडे पैसे होते. आजोबांचं म्हणणं, ओढ्यावर ताल घालायची, पाणी अडवायचं. बाकीच्यांचं म्हणणं, शाळेचं छप्पर गळतंय, आधी कौलं. देवळात दोन रात्री कंदिलाच्या उजेडात भांडण चाललं. अख्खं गाव बसलेलं. बायका मागे भिंतीला टेकून, पण त्याही बोलल्या. शेवटी पाच पंचांनी मत दिलं आणि आजोबा ३ विरुद्ध २ ने हरले. आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. नवव्या दिवशी स्वतःची बैलगाडी जुंपली आणि कौलं आणायला गेले. माझी आजी त्यांना विचारायची, "तुमचं ऐकलं न्हाई आन् गाडी तुमचीच?" ते म्हणायचे, "गावानं ठरवलंय."

आज चौथा विषय "मंजूर" म्हणून वाचला गेला तेव्हा मला ती बैलगाडी दिसत होती. पेव्हर ब्लॉक कुणी ठरवले? गावाने? चावडीतल्या २३ जणांपैकी एकाला तरी कुणी विचारलं?

८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. आजोबांना त्याचं दुःख नव्हतं, देश एक होतोय म्हणून त्यांनी साखर वाटली होती. पण वरून आलेल्या नव्या व्यवस्थेत गाव हे कायद्याचं मूळ राहिलं नाही, शेवटचं टोक झालं. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. चांगलं झालं, नाही म्हणत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकलो. पण गावाने काय करायचं ते आता मुंबईत ठरायला लागलं.

मग ७३ वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू. अकरावी अनुसूची, २९ विषय, पाणी, शाळा, रस्ते, सगळं त्यात आहे. आम्ही तेव्हा किती खूश झालो होतो! तालुक्याला व्याख्यानं झाली, मीही एक दिलं. पण कलम २४३ छ नीट वाचा. राज्याचं विधिमंडळ पंचायतींना अधिकार देऊ "शकेल". देईल नाही, शकेल. एका शब्दात सगळी चावी मुंबईकडे ठेवली. औंधाच्या राजाने चावी देऊन टाकली होती हो, आपण निवडून दिलेल्यांना ती सोडवत नाही.

त्या चावीचं पुढे काय केलं तेही बघा. २०१७ ला एका सरकारने ठरवलं, सरपंच थेट जनतेतून. २०२० ला दुसऱ्याने ते रद्द केलं, सदस्यांतून. २०२२ ला पुन्हा थेट. पाच वर्षांत तीनदा. गावाला विचारलं का, की बाबांनो तुमचा सरपंच तुम्हाला कसा निवडायचाय? हे गावासाठी झालं की कुठल्या पक्षाला काय सोयीचं यासाठी, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं घटना स्पष्ट सांगत असताना २०२२ पासून जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता, ठीक आहे, तो वाद खरा होता. पण शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. तीन वर्षं! तेवढ्या काळात आमच्या भागातली पोरं मतदार झाली आणि त्यांना जिल्हा परिषदेचा सदस्य म्हणजे कोण हे माहीत नव्हतं.

आता कुणीतरी खाली लिहीलच की औंध चिमुकलं होतं, ७२ गावांत जमलं म्हणून ४० हजार गावांत जमत नाही. हो, चिमुकलं होतं. आणि ते राजाने दिलं म्हणून मिळालं, लढून घेतलं नव्हतं, हेही खरं. जात तेव्हाही होती. आजोबांच्या पंचायतीत पाचात एकही दलित नव्हता, एकही बाई नव्हती. आज आमच्या गावात आरक्षणामुळे सरपंच बाई आहेत आणि ती ७३ व्या दुरुस्तीचीच देणगी आहे. हे मान्य न करणं खोटेपणा होईल.

पण त्या सरपंच ताई आज सभेत एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या शेजारी त्यांचे मालक बसले होते, तेच मान हलवत होते. ताईंचा राग नाही आला मला. त्या तरी काय बोलणार? निधी येतो तोच शिक्का मारून, हा यासाठी, तो त्यासाठी. यादी वरून, ठेकेदार ठरलेला, ताईंच्या हातात उरते ती सही. शिपायाने गोठ्यात जाऊन आणलेल्या सह्या आणि ताईंची सही, मला दोन्हींत फरक दिसेना.

भाऊसाहेबांवरही सकाळी चिडलो होतो, आता तेवढा नाही. त्या माणसाकडे तीन गावांचा कारभार आहे. दुपारी दोनला त्याला दुसऱ्या गावची सभा होती, चहासुद्धा उभ्यानेच प्यायला.

घरी आल्यावर माळ्यावरची आजोबांची पेटी खाली काढली. कागदपत्रं वाळवीने खाल्ली आहेत, फार काही वाचता येत नाही. तळाशी एक कौल आहे, फडक्यात गुंडाळलेलं. शाळेवर स्लॅब पडला तेव्हा जुनी कौलं उतरवली, त्यातलं एक आजोबा उचलून घेऊन आले होते. ज्या ठरावाच्या विरोधात त्यांनी मत दिलं, त्याच ठरावाचं कौल. हे लिहिताना समोर टेबलावर ठेवलंय, एका कोपऱ्यात टवका उडालाय.

उद्या सकाळी आजींच्या वस्तीवर जातोय. पाण्याचा विषय पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्या, असा अर्ज लिहून ठेवलाय. त्याच्या खाली सह्या घ्यायच्या आहेत, प्रत्येकाला वाचून दाखवून. गावात असलेल्यांनी आठ वाजता पारावर या.