वाळू कासार्ड्याची, सुंभ सोडणांचा
तुमच्या वर्गातल्या उपक्रमात मुलांनी दप्तरातली एकेक वस्तू घेऊन ती कशातून आली याचा माग काढला, हे झकास. पण पेन्सिलीचं ग्रॅफाइट नि प्लास्टिकचं खनिज तेल यावरच गाडी थांबली. अहो, आपल्या कणकवली तालुक्यात कासार्ड्याला सिलिका वाळूच्या खाणी आहेत! अशा वाळूत सोडा नि चुनखडी घालून भट्टीत वितळवली की काच. आणि सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी? नारळाची सोडणं (वरची तंतुमय सालं) खाडीच्या पाण्यात काही महिने कुजवायची, मग बडवून धागे सुटे करून वळायचे. (तो वास एकदा नाकात गेला की पोरं धडा विसरत नाहीत.) पुढच्या खेपेस सावंतवाडीच्या चितारआळीत, लाकडी खेळणी करणाऱ्यांच्या गल्लीतही न्या. खेळण्यांना हलकं पांगाऱ्याचं लाकूडच का, ते कारागिरांनाच विचारू दे.