खळ, चिखल आणि अळीव

ऑक्टोबर उजाडला की मोबाईलवर लाल-पिवळ्या पानांची तोरणं दिसायला लागतात. ‘मुलांसोबत पानगळीच्या सोप्या कलाकृती, वेळ पंधरा मिनिटं.’ ती पानं ज्या देशातली आहेत तिथं त्या दिवसांत ती खरोखर गळतात. साताऱ्यात तेव्हा यवतेश्वराचा डोंगर हिरवागार असतो आणि झाडांना पान गाळायला सवड नसते. आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. त्यामुळे ‘अंगणात पडलेली पानं वेचा’ या पहिल्याच ओळीला गाडं अडतं, आणि मूल तर पिशवी घेऊन दारात उभं असतं.

आपल्या शरदात घरात पडलेलं असतं ते दसऱ्याचं सोनं. त्यासाठी नव्यानं फांद्या ओरबाडायची गरज नाही, शेजारपाजारचे लोक पुरेसं आणून देतात. आपट्याचं पान म्हणजे आयते दोन पंख. मधोमध खराट्याची काडी चिकटवली की झालं फुलपाखरू. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाचीच पानं मिळतात. फुलपाखराचं काही बिघडत नाही, पंख मोठे येतात इतकंच. बिघडतं ते घाईनं. ताजी पानं चिकटवली तर दोन दिवसांत सुकून सुरळी होते आणि फुलपाखराची परत अळी दिसू लागते. म्हणून पानं एकमेकांवर न चढवता वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवायची आणि वर पाटा किंवा जाड पुस्तकं. चार-पाच दिवस. दुसऱ्या दिवशी कागद बदलायचाच, नाहीतर बुरशी धरते. आता चार वर्षांच्या मुलाला ‘पाच दिवस थांब’ म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. ते तासातासाला पाटा उचलून बघतं. मी दोन गठ्ठे करायला सांगेन: एक त्याला उघडून बघायला, दुसरा कपाटावर.

भेंडीचे ठसे त्यामानानं गुणी. देठाकडचा तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा, म्हणजे मुलाला धरायला देठाची मूठ मिळते. कापलेली बाजू दहा मिनिटं कागदावर पालथी ठेवावी, नाहीतर बुळबुळीत चिकामुळे रंग बसत नाही. रंग थाळीत ओतू नये. ओल्या फडक्याची घडी करून तिच्यावर पसरावा. ओतलेल्या रंगात बुडवलं की फुलाच्या जागी डाग उमटतो. उरलेल्या भेंड्यांची भाजी होते, पण त्या रंगाच्या वाटीपासून लांब ठेवल्या असतील तरच.

चिकटवायला खळ घरचीच करावी, कारण बोटं तोंडात जाणार हे ठरलेलं. दोन चमचे मैदा एक वाटी गार पाण्यात आधी नीट कालवायचा, मग मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचा. खळ जराशी पारदर्शक दिसली की उतरवायची. मैदा गरम पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात आणि त्या कंदिलावर गोवरासारख्या उठून दिसतात. जुने लोक किड्यांसाठी खळीत मोरचूद घालत. मुलं असलेल्या घरात ते विष नकोच. खळ लागेल तेवढीच करावी, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात ती दोन दिवसांत आंबते.

आता कंदील. ए-फोर आकाराचा जाड रंगीत कागद लांब बाजूनं मधोमध दुमडायचा. काप घडीकडून सुरू करायचे, बोटभर अंतरानं, आणि उघड्या कडेच्या दोन बोटं आधी थांबायचं. मूल नेमकं उघड्या कडेकडून कापतं आणि घडीपार नेतं. हाती पट्ट्या येतात. फेकू नका, कंदिलाच्या शेपट्या आयत्या झाल्या. दुसऱ्या कागदावर उघड्या कडेला पेन्सिलीची रेघ मारून ‘इथं रेल्वेचं फाटक पडलंय’ असं सांगितलं तर कात्री बऱ्यापैकी थांबते. कागद उलगडून नळकांडं करायचं. आत पिवळ्या कागदाचं दुसरं नळकांडं, पण उंचीला चार-पाच सेंटिमीटर कमी. बाहेरच्याची वरची कड आतल्याच्या वरच्या कडेला आणि खालची खालच्या कडेला जोडली की पट्ट्या पोट काढून फुगतात. दोन्ही एका उंचीची घेतली तर कंदील होत नाही, डबा होतो. जोड स्टेपलरनं द्यावा. गोल केलेला कागद खळ वाळेपर्यंत दम धरत नाही. आत लहान एलईडी दिवा, कागदाला न टेकणारा. पणती अजिबात नाही.

हे सगळं मात्र किल्ल्यापुढे किरकोळ. किल्ला हीच आपली शरदातली खरी हस्तकला, आणि तिला ‘सोपी’ म्हणणाऱ्यानं ती कधी केलेली नसते.

नमुना अजिंक्यताऱ्याचा घ्यावा. समोर दिसतो आणि माथा सपाट, म्हणजे उपडं घमेलं. प्रतापगड मनावर घेणाऱ्या वडिलांना घरच्यांनी वेळीच आवरावं. आठ-दहा विटा रचायच्या, त्यांवर चिखलाच्या गाऱ्यात बुडवलेलं गोणपाट, आणि त्याच्यावर माती. नुसत्या विटांवरून माती घसरते, गोणपाटाच्या धाग्यांना ती धरून राहते. कृष्णाकाठची काळी माती एकटी वापरू नये. ती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते; दुसऱ्या दिवशी तटबंदीला अशा भेगा पडतात की शत्रूला तोफ आणायची गरज नाही. दोन घमेली तांबडी, एक घमेलं काळी आणि दोन मुठी भुसा, हे जमतं. भुयार हवं असेल तर पाइपाचा तुकडा माती लिंपण्याआधीच उतरता ठेवावा. मागाहून खोदलं की बालेकिल्ला खाली बसतो. त्या पाइपातून गोट्या सोडणं हेच मुलाच्या दृष्टीनं किल्ल्याचं मुख्य काम. पायऱ्यांसाठी मुलाच्या अंगठ्याइतकं चांगलं हत्यार नाही. अर्ध्या तासानं ते बिस्कीट खायला उठून जातं आणि बाबा एकटेच बुरुजाला उतार देत बसतात.

हिरवळीला अळीव. मोहरी उतारावरून घरंगळते आणि सगळं जंगल खंदकात उगवतं. अळीव भिजला की त्याला बुळबुळीत चीक सुटतो आणि तो मातीला चिकटून बसतो. अर्धा तास भिजवून पातळ थरानं लिंपावा. मूल मूठभर एकाच जागी थापतं, तिथं आधी झुडूप येतं आणि मग बुरशी. पाणी फवाऱ्याच्या बाटलीनं द्यावं, तांब्यानं दिलं की ओघळीबरोबर वाटही वाहून जाते. वसुबारसेला हिरवं हवं तर पाच-सहा दिवस आधी पेरावं.

जागा निवडताना पन्हाळीखालची सोडून कुठलीही. परतीचा पाऊस दुपारी अर्धा तास येतो आणि तेवढ्यात गड घेतो. प्लॅस्टिक घालावं, पण ऊन पडताच काढावं, नाहीतर खाली अळीव उकडतो. मांजराचं काही करता येत नाही. नुकती भुसभुशीत केलेली माती तिला आपल्याचसाठी केली असं वाटतं.

मावळे दरवाजापेक्षा उंच निघतात, म्हणून ते आधी आणावेत आणि दरवाजा मग कापावा. सिंहासनाची जागा चिखल ओला असतानाच सपाट करून ठेवावी. पायथ्याशी गाय, वाघ, ट्रॅक्टर आणि एक डायनासोर येतो. त्याला हाकलू नये, वाद गडाच्या माथ्यापर्यंत जातो. भाऊबीज उलटली की माती कुंड्यांत भरायची आणि विटा जिन्याखाली ठेवायच्या. मावळे मोजून डब्यात. डायनासोर तेवढा मोजणीत कमी भरतो, आणि पुढच्या जूनमध्ये जास्वंदीच्या मुळाशी सापडतो.